कायद्याला खलनायक लागतो

सात वर्षं वेगळं राहिलं की घटस्फोट आपोआप होतो, असं कुणीतरी एकदा कुणाला तरी सांगितलं आणि तेव्हापासून ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, लोकलच्या डब्यात, कुठंही विषय काढा, सातवाला भेटतोच. या देशात थकलेल्या वीजबिलावरचं व्याज सोडलं तर आपोआप काहीच होत नाही. सातचा आकडा कायद्यात आहे खरा, पण तो बेपत्ता जोडीदारासाठी. सात वर्षं ज्याच्या जिवंत असण्याची खबर नाही, त्याच्यापासून घटस्फोट मागता येतो, आणि तोही अर्ज करून मागावाच लागतो. शेजारच्या विंगेत राहणारा आणि दर वार्षिक सभेत पार्किंगवरून घसा बसवून घेणारा नवरा बेपत्ता धरत नाहीत.

सातवाल्याचा मावसभाऊ म्हणजे स्टॅम्पवाला. कोर्टाबाहेरच्या टेबलावरून स्टॅम्प पेपर घ्यायचा, ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहणार नाही’ असं टाइप करून घ्यायचं, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का, झाली सुटका. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शंभराचा स्टॅम्प पाचशेवर गेला, एवढीच या व्यवहारातली प्रगती. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीला मोडता येत नाही. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण रूढी आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, आणि तिथं ‘आमच्यात असंच असतं’ हा पुरावा चालत नाही. मग त्या कागदाच्या भरवशावर दुसरा संसार थाटलेल्याला एक दिवस कळतं की पहिलं लग्न ठणठणीत आहे आणि दुसरं कायद्याच्या लेखी झालेलंच नाही.

स्टॅम्पवाल्याला हसणं सोपं आहे. पण त्याच्या कागदात एक गोष्ट आहे जी आपल्या कायद्याच्या तेराव्या कलमात नाही. त्या कागदावर कुणी कुणाला नालायक म्हणत नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं तेरावं कलम वाचा. व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं टाकून जाणं, धर्मांतर, मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग. कुष्ठरोगसुद्धा २०१९ पर्यंत या यादीत होता. यादीत संन्यासही आहे. म्हणजे नवऱ्यानं भगवी वस्त्रं घालून हिमालय गाठला तर बायकोला घटस्फोट मिळू शकतो. तोच नवरा सोफ्यावर बसून दहा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलला नाही, तर तिला ती ‘क्रूरता’ होती हे सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागतात. लग्न आपल्या मरणानं मरू शकतं, हे या कलमाला मान्यच नाही. पोस्टमार्टेम व्हायचं, खुनी सापडायचा, मगच मृत्यूचा दाखला.

त्यामुळं अर्ज लिहिला जातो. तो एकदा वाचून बघा. ‘सामनेवाली हिने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात अर्जदाराच्या आईस उलट उत्तर दिले.’ ‘सामनेवाला याने हेतुपुरस्सर भाजीत मीठ जास्त असल्याचे पाहुण्यांसमोर बोलून दाखविले.’ ज्या दोघांची तक्रार खरं तर एवढीच होती की आता जमत नाही, त्यांना वकिलाच्या टेबलासमोर बसून दहा वर्षांतलं सगळं मीठ आठवावं लागतं. ज्यांना खरोखर मार बसलेला असतो, त्यांचा अर्जही याच ढिगात, याच भाषेत पडतो. खरा छळ आणि टाइप केलेला छळ शेजारी ठेवले की ओळखू येत नाहीत, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी किंमत. ती खरा छळ सोसलेली बाई मोजते.

काही हुशार लोक मागच्या दारानं जातात. कलम नऊ. ‘नांदायला ये’ असा दावा लावायचा. डॉक्टर रखमाबाईंवर हाच दावा होता. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न त्यांनी मानायला नकार दिला, १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हणून सांगितलं, आणि त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं. तुरुंग गेला, दावा राहिला. आणि आजची गंमत अशी की नांदायला ये असा हुकूम झाला आणि वर्षभरात दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच हुकमाच्या आधारानं घटस्फोट मागता येतो. दोघांपैकी कुणालाही. तेव्हा ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, परत ये’ अशी नोटीस आली की समजावं, वकील चांगला आहे.

आरोपांशिवाय सुटायचा रस्ता १९७६ पासून आहे. तेरा-ब, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘म्युच्युअल’. वर्षभर वेगळे राहिलेले असलात, दोघांनाही मान्य असलं, की एकत्र अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, पुन्हा येऊन हो म्हणायचं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पैसे, ताबा सगळं ठरलेलं असेल, समेटाची आशा संपली असेल आणि दोघं दीड वर्ष आधीपासूनच वेगळे राहत असतील, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. आणि ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळं घरच पाहिजे असं नाही, एका छपराखालीही नवरा-बायको म्हणून न राहता वेगळं राहता येतं, हे तर १९९१ मध्येच सांगून झालंय. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत तो हॉलमध्ये आणि ती बेडरूममध्ये, फ्रिजचे कप्पे वाटून. जागांचे भाव माहीत असलेल्या माणसानं लिहावा असा निकाल.

अडचण ‘दोघांनाही’ या अटीत आहे. ज्याला घाई असते तो हरतो. सही हवी? फ्लॅट नावावर कर. सही हवी? दागिने विसर. आणि मग हळूच, सही हवी तर पोराचं नाव काढू नकोस. संमती अशी बाजारात उतरते आणि सगळ्यात लहान माणूस तराजूच्या पारड्यात बसतो.

संसार पार मोडला आहे एवढंच कारण घटस्फोटाला पुरेसं असावं, ही शिफारस विधी आयोगानं १९७८ मध्ये केली. त्याचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं आणि पुढं लोकसभेच्या मुदतीबरोबर गेलं. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सुप्रीम कोर्ट स्वतःचे खास अधिकार वापरून अशा कारणावर लग्न संपवू शकतं, मात्र थेट तिथं अर्ज घेऊन हक्कानं जाता येणार नाही. म्हणजे पोटभर भांडत खालून वर या, मग शांतपणे सुटका मिळेल.

आता मूल.

‘पोरगं कुणाला मिळणार?’ हा प्रश्न आपण सातबाऱ्याच्या सुरातच विचारतो, आणि उत्तरंही तशीच तयार असतात. पाच वर्षांखालचं आईकडे. सात झाली की मुलगा बापाचा. नऊ झाली की पोरगं स्वतः ठरवतं. यातलं पहिलं कायद्यात आहे, तेही ‘सर्वसाधारणपणे’ या पुस्तीसह. बाकीची वयं पारावर जन्मली. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा एवढंच म्हणतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. घेईलच असं नाही. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, शाळा, मित्र, आवडता खेळ असं विचारत विचारत गाडी पुढं नेतात. आठ वर्षांची पोर ‘पप्पा माझा मानसिक छळ करतात’ म्हणाली की त्यांना लगेच कळतं हे वाक्य कुठल्या टेबलावर शिजलं.

१९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असं लिहिलंय. कादंबरीकार गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला पालक म्हणून सही केली तेव्हा बँकेनं वडिलांची सही मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला, की बाप मरेपर्यंत आईनं रांगेत उभं राहायचं कारण नाही. कायद्यातले शब्द मात्र अजून जागेवरच आहेत. इकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून पुढं जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापाठोपाठ आईचं नाव आणि मग वडिलांचं. फॉर्मवर आई पुढं गेली, कायद्याच्या कलमात ती अजून मागंच.

ताब्याच्या बाबतीत मात्र कुणाचाच हक्क मोठा नाही, मुलाचं हित मोठं. हे वाक्य प्रत्येक निकालात असतं आणि प्रत्येक बाप व प्रत्येक आई ते आपल्याच बाजूनं आहे असं समजून मान डोलावतात. आई कमावत नाही म्हणून मूल बापाकडे जात नाही, तेवढ्यासाठी पोटगी आहे. आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, तिचाही वाटा धरला जातो इतकंच. पोटगीचा अर्ज लागला की हिंजवडीतल्या तगड्या पगाराच्या माणसाची नोकरी का जाते, हा अर्थशास्त्राचा विषय आहे. २०२० पासून सुप्रीम कोर्टानं दोघांनाही मालमत्तेचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलंय, आणि पोटगी मोजायची ती अर्जाच्या तारखेपासून. त्यानंतरही नोकऱ्या जातात, पण आता बँकेचे उतारे जोडून जातात.

भेटीचा हुकूम कसा असतो तो बघण्यासारखा आहे. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. रोज रात्री आठ वाजता पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. वाढदिवसाला दोन तास. मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी, आणि इथं दोन पदवीधर माणसं लक्ष्मीपूजन कुणाच्या निम्म्यात पडतं यावर तीन तारखा घालवतात. भाऊबीज आईच्या वाट्याला आणि ओवाळायची आत्ते-मावसभावंडं दोन्हीकडे. कोकणात बापाच्या घरी गणपती असेल तर त्याचं स्वतंत्र कलम. मूल सोपवायची जागा कुठली? कोर्टातली मुलांची खोली, नाहीतर मॉलचा फूड कोर्ट, कारण बिल्डिंगच्या गेटवर दोघं समोरासमोर आले की वॉचमनला साक्षीदार व्हावं लागतं. ज्या दोघांनी एकमेकांना चाळीस पानांत क्रूर ठरवलं, त्यांनी आता स्केटिंगच्या क्लासची वेळ सलोख्यानं ठरवायची असते. हे त्यांना जमत नाही याचं कोर्टाला दरवेळी आश्चर्य वाटतं.

‘तो पैसे देत नाही, मग मी मूल का दाखवू?’ आणि ‘ती मूल दाखवत नाही, मग मी पैसे का देऊ?’ हे दोन प्रश्न एकाच दिवशी, एकाच मजल्यावर, दोन वकिलांना विचारले जातात. उत्तर एकच: या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पैसे मुलाचे आहेत, भेटही मुलाची आहे. थकले तर वसुलीचा अर्ज, भेट बुडाली तर त्याचा वेगळा अर्ज. पण पोराला घराच्या दाराशी अडवून ठेवणं कमी खर्चाचं पडतं.

न्यू जर्सीहून पोर घेऊन पुण्यात आलेल्यांसाठी इतकंच: मुलांना परदेशातून उचलून आणण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. तिकडचा हुकूम इकडे मनीऑर्डरसारखा वटत नाही, आणि इकडचं कोर्ट पुन्हा हिताचाच प्रश्न विचारतं. दरम्यान पोरगं मराठी शिकतं, आजीला खूश करतं आणि पाच-सहा वर्षांत दोन्ही देशांत पाहुणं होतं.

कौटुंबिक न्यायालयात वकिलाला हक्कानं उभं राहता येत नाही, परवानगी लागते. १९८४ च्या कायद्याची कल्पना अशी की नवरा-बायकोनं आधी समुपदेशकासमोर बसून बोलावं. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेतही. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मामा, काका, साडू आणि दोन्हीकडच्या आया बसलेल्या असतात, आणि आत गेलेला माणूस दर पाच मिनिटांनी ‘जरा विचारून येतो’ म्हणून बाहेर येतो. वकिलाला परवानगी लागते. साडूला लागत नाही.

राहता राहिला तो प्रश्न, जो फक्त फोनवर विचारतात. हुकूम झाला की लगेच दुसरं लग्न करता येतं का? संमतीनं झाला असेल तर त्यावर अपील नाही, हॉल बघायला हरकत नाही. भांडून मिळवला असेल तर अपिलाची मुदत जाऊ द्या, हिंदू विवाह कायद्यात ती नव्वद दिवसांची आहे, आणि अपील दाखल झालंच तर त्याचा निकाल लागू द्या. इतकी वर्षं चाळीस-चाळीस पानं लिहिलेली माणसं नव्वदाव्या दिवशी गप्प बसतील, या भरवशावर कुणी केटररला ॲडव्हान्स देऊ नये.