अण्णांचं पुण्य, आमचे उंदीर

"काकू, आहात का हो? जरा गडग्यापाशी या. मोठ्यानं नको बोलायला, अण्णा पडवीत बसलेत."

"आले गो. हात पिठाचे आहेत, तू बोल."

"आमच्या मांगरात उंदीर झालेत. काल एक दिसला, शेपटीतुटका. आणि हाच शेपटीतुटका मी शनिवारी अण्णांच्या पिंजऱ्यात बघितला होता!"

"म्हणजे?"

"गणपतीचं वाहन म्हणून अण्णा मारू देत नाहीत ना. खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजऱ्यात धरतात आणि नातवाला सांगतात, लांब सोडून ये. त्याला शाळेची घाई. आमच्या मांगरामागं दार उघडतो नि सायकल दामटतो."

"अगो बाई! म्हणजे पुण्य त्यांच्या खात्यावर नि उंदीर तुझ्या."

"आणि वर परवा मलाच उपदेश, की मुंगीला साखर घालत जा म्हणून."

"ते घालतात हो, वारुळापाशी जाऊन घालतात. पण घरात लाल मुंग्या निघाल्या की सुनेला हाक, 'अगं, जरा बघ ना.' आता काय बघायचं तिनं? हळद टाकायची, खडूची रेघ ओढायची, फडक्यानं पुसून घ्यायच्या. यांनी तेवढा वेळ खळ्यात जाऊन उभं राहायचं. आमचे मामंजी तसेच. त्यांना झुरळ मारलेलं चालत नसे आणि दिसलेलंही चालत नसे."

"मग मारायचं कुणी?"

"तू नि मी! मनुस्मृतीत सांगितलंय म्हणे, प्रत्येक घरात पाच खाटिकखाने असतात. चूल, पाटा, केरसुणी, उखळ नि पाण्याचा घडा. पंचसूना म्हणतात त्याला. तिथं रोज किडामुंगी मरणारच, म्हणून रोज पंचमहायज्ञ करायचे, ते पाप फेडायला."

"पाचही वस्तू बायकांच्याच हातातल्या!"

"तेच तर! जीव मारायचे बायकोनं, प्रायश्चित्ताचा वैश्वदेव नवऱ्यानं, आणि त्यावर पहिल्या पंगतीला बसायलाही तोच मोकळा. पण एक सांगू? त्यातलं एक मला पटतं. आमच्या घरी हिंसा होतच नाही, असा आव तरी कुणी आणला नाही. केर काढला की मुंगी मेली, हे कबूल केलं."

"मी मेली दुकानात गेले होते. दुकानदारानं तो उंदीर धरायचा चिकट पॅड दाखवला. विष नको, रक्त नको, स्वच्छ काम म्हणाला."

"तो मुळीच आणू नकोस! आमच्या थोरल्यानं आणला होता मागच्या पावसाळ्यात. रात्री उंदीर चिकटला तो पहाटेपर्यंत किंचाळत होता. पाय सोडवायला जाई तो तोंड चिकटे. घरात सगळे जागे, पण उठून त्याला मोकळा करील नाहीतर मारील असा एक नाही. सगळ्यांना दया आलेली ना! शेवटी सकाळी भांडीवाली आली, तिला म्हणाला, 'मावशी, तेवढं उचला.' तिनं बालदीत बुडवला. जाताना म्हणाली, 'काकू, आमच्याकडे उंदीर एका फटक्यात मरतो हो.' मला मान वर करवेना."

"असल्या पॅडवर बंदी आहे ना पण?"

"प्राणी कल्याण मंडळानं राज्यांना कळवलंय खरं, २०११ पासून. माझा भाचा वकील आहे, तो सांगत होता, १९६० चा कायदा आहे प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये असा. त्यात प्राणी म्हणजे कोण, तर माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव."

"म्हणजे डाससुद्धा?"

"शब्दाला शब्द धरलास तर डाससुद्धा. घाबरू नकोस, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये."

"एवढ्यात तर हल्ली नारळ येत नाही!"

"आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादीच होती. त्यांना मारलं तर गुन्हा नाही. त्यात उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ आणि कावळा."

"कावळा? पितृपक्षात 'काव काव' करून ज्याला बोलावतो तो?"

"तोच. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. चला, पितर सुटले एकदाचे."

"काय काकू तुम्ही! बरं, मग विषाची वडी ठेवू?"

"उंदीर हुशार असतो गो. थोडं खाऊन लगेच त्रास झाला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून ती वडी मुद्दाम सावकाश मारणारी केलेली असते. काही दिवसांनी आतल्या आत रक्त वाहून मरतो. तो अर्धमेला बाहेर फिरतो, त्याला गव्हाणी घुबड उचलतं नि विष त्याच्या पोटात जातं. जे रात्रभर आपले उंदीर खातं, तेच आपण मारायचं."

"आमचे हे म्हणतात, राहू देत उंदीर, काय करतात."

"काय करतात? लावणीला चिखलात उतरतेस ना? आरोग्य केंद्रातून लेप्टोच्या गोळ्या देतात त्या काय प्रसाद म्हणून? उंदराचं मूत पाण्यात नि पायाला चीर. दया करावी, पण ती लेप्टोला कळत नाही. तसंच डासांचं. तुझ्या त्या पिंपात अळ्या वळवळतायत, ओत ते जमिनीवर नि आतून घासून काढ. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. तिथं मी विचार करत बसत नाही."

"अण्णांचा नातू पुण्याला शिकतो ना, मोठा, तो म्हणत होता, किड्यांनाही कळतं म्हणून. लंडनमध्ये भुंग्यासारख्या मधमाश्यांना लहान गोळे दिले, तर त्या काही न मिळता नुसत्या खेळत बसल्या."

"असेल बाई. कळत असेल तर आणखीच लवकर मारावं. तू आपला खटक्याचा चाप लाव. मान मोडते, संपलं. आणि सकाळी तो चाप उचलायला नवऱ्याला पाठव."

"त्यांना? त्यांना बघवत नाही."

"बघवत नाही तर आधी मांगराची ती भोकं बुजवायला सांग त्याला. सिमेंट पडलंय ना तुमचं पायरीचं? भात कणगीत झाकून ठेवा, खोबरं उघडं टाकू नका. उंदीर आलाच नाही तर मारायचा प्रश्न नाही. पण हे काम रविवारी घाम गाळून करायचं असतं, त्यापेक्षा अहिंसा सोपी."

"भोकं बुजवायची म्हणजे आधी तिथली लाकडं हलवायला हवीत."

"लाकडं नको हलवू गो! त्यात धामण आहे."

"काय?"

"ओरडू नकोस. विषारी नसते ती, उंदरांवर तर जगते. मी दोन वर्षं बघतेय. शेपटीतुटका अजून फिरतोय म्हणजे कात टाकायला बसली असेल, त्या दिवसांत खात नाही."

"काकू! मी रोज सकाळी तिथं हात घालून लाकडं काढते!"

"म्हणून तर सांगितलं नव्हतं. तुझ्या नवऱ्याला कळलं असतं तर काठी घेऊन आला असता. सापाला मारताना त्याला बरोबर बघवतं."

"पण ती तर उंदीर जिवंत गिळते म्हणतात. ते पाप कुणाचं?"

"ते चित्रगुप्ताला विचार. जा, तुझं दूध उतू जातंय, इथवर वास आला."