पिंपाला ठिगळ

"अहो वहिनी, भाऊजी सकाळपासून त्या पिंपाशी काय झटापट करताहेत? जास्वंदीखाली चिखल दिसला तेव्हाच म्हटलं, गळतंय काहीतरी."

"काय सांगू नलूताई! उंदरानं बुडापासून चार बोटांवर कुरतडलंय. यांनी ती दोन रंगांची मळायची लांबी थापली. आज पाणी भरलं तर अख्खी चकती हातात!"

"येणारच. तुमचं 200 लिटरचं निळं ना? बुडाशी बघा, त्रिकोणात 2 आकडा असेल, खाली एचडीपीई. मेणासारखं तुळतुळीत अंग असतं त्याचं, लांबी न् गोंद काही धरत नाही. वरून पाण्याचा दाब. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातला आयटीतला जावई माहितीय ना?"

"तो दाढीवाला? दिवाळीला येऊन अजून इथेच आहे म्हणे."

"घरून काम करतो म्हणे! तर त्यानं सोल्डरगन आणली न् मोडक्या खुर्चीची पट्टी वितळवून भोकावर चढवली. दिसायला झकास. पण खुर्ची 5 आकड्याची, पिंप 2 चं. त्यांचं जुळत नाही, तिसऱ्या दिवशी उचकटलं. सासऱ्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं."

"मग?"

"मग बादल्या-टब सांधणारा आला दारावर. त्यानं पिंपाच्याच कापलेल्या टोपाची पट्टी काढली. भोकाभोवती पात्यानं खरवडून चकाकी घालवली, तापल्या सळईनं दोन्हीकडचं प्लॅस्टिक मऊ करून एकात एक कालवलं, आतूनही तसंच. धूर निघाला की सळई मागे घ्यायचा, जळलेलं प्लॅस्टिक धरत नाही म्हणे. चीर असेल तर आधी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, नाहीतर ती पुढे धावते."

"आमचं तर इचलकरंजीच्या भंगारातून आणलंय हो."

"अगं बाई! मग आत काय होतं ते आधी विचारा. थिनर-बिनर असेल तर सळई लावूच नका, उरलेल्या वाफेचा भडका उडतो. माहीत नसेल तर पाणी झाडांनाही नको घालायला, पालेभाजीला तर मुळीच नको."

"साबणाचं होतं, वास येतो अजून."

"मग तुम्हाला सांधायचीही गरज नाही. चार बोटांवर भोक म्हणजे नळाचीच जागा. भोक गोल मोठं करा, टँक निपल बसवा, आतबाहेर रबरी वायसर, न् पुढे अर्ध्या इंचाचा नळ. बादली घेऊन वाकणं संपलं. वर कुठे बारीक भोक असेल तर स्टीलचा बोल्ट न् सायकलच्या ट्यूबचे कापलेले वायसर. फक्त आधी नखानं ओरखडून बघा. पांढरी पूड निघाली तर उन्हानं प्लॅस्टिक मेलंय, त्याला शिवू नका. अर्धं कापा न् अळू लावा."

"टोप कापलाय आमचा, हात आत जातो."

"मग झालंच. वर जुनं पातळ बांधा घट्ट, डास अंडी घालतात. ट्यूब आमच्याकडे आहे, देते. पण भाऊजींना सांगा, त्या जावयाला कानोकान कळू देऊ नका. पिंप दिसलं की तो हल्ली बाह्या सारतो."