थोरली पाती, धाकटी पाती

एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ठेवायच्या आणि मशीन चालू करताना त्यांतली कोणती उठवायची ते दर वेळी सांगायचे, या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. यातला बूट पायातलाच आहे. आपल्याच बुटाची पट्टी धरून आपणच आपल्याला वर उचलायचे, अशी एक अशक्य कसरत इंग्रजीत वाक्प्रचार होऊन बसली आहे. बंद यंत्र कोणी हात न देता उठून बसते तेही तसेच, म्हणून तो शब्द यंत्राला चिकटला.

मराठी माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या भावांनी अठराव्या शतकात देवास वाटून घेतले आणि १९४८च्या विलीनीकरणापर्यंत त्या एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. गाव एक, राजे दोन, दरबार दोन. फरक इतकाच, की देवासचे दोन्ही राजे एकाच वेळी हयात असत. संगणकात एक पाती गादीवर असते तेव्हा दुसरी झोपलेली नसते, ती नसतेच. डिस्कवर पडून राहिलेल्या काही हजार फायली एवढाच तिचा संसार. त्यामुळे जी उठते ती स्वतःला एकुलती एक समजते. पुढची बहुतेक भांडणे या समजुतीतून निघतात.

हौसेखातर ड्युअल बूट करणारे थोडे. बहुतेकांचे कुठले तरी जुने काम अडलेले असते. मराठी डीटीपीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. युनिकोड घरोघर पोचण्याआधी आपली छपाई श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा पॅकेजांवर चालत होती. त्यांच्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असत. फॉन्ट आहे तोवर 'चि. सौ. कां.' दिसते, तो नसला की त्याच जागी मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा मजकूर. पानांची मांडणी पेजमेकरमध्ये, ज्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली. शिवाय अशा बऱ्याच पॅकेजांबरोबर एक डोंगल मिळे. दुकानात त्याला नुसते 'लॉक' म्हणत. काडेपेटीएवढे हे लॉक कॅबिनेटच्या मागे, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात खुपसायचे. ते नसेल तर पॅकेज उघडायचे नाही. लॉकचा ड्रायव्हर एक्सपीच्या जमान्यातला, ३२ बिटांचा. आणि ६४ बिटांच्या विंडोजला ड्रायव्हर ६४ बिटांचा, तोही सही-शिक्क्यानिशी लागतो. तेव्हा वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, सहकारी पतपेढीचे अहवाल आणि गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका उघडण्याची सोय राहावी म्हणून, म्हणजे खरे तर एका काडेपेटीपायी, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळावी लागते.

अशा घरात थोरली पाती विंडोज एक्सपीची असते, जन्म ऑक्टोबर २००१. धाकटी विंडोज ७ची, जन्म ऑक्टोबर २००९. मायक्रोसॉफ्टने थोरलीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली आणि धाकटीची १४ जानेवारी २०२० रोजी, त्यामुळे आज धाकटीलाही तरुण म्हणायची सोय नाही. थोरलीला नेटवर सोडू नये, धाकटीलाही जपून. एक्सपीचा जोडा थेट विंडोज ११शी का लावत नाहीत, असे विचारले जाते. २०२१ साली आलेल्या ११ला यूईएफआय हवे, टीपीएम २.० हवे, डीटीपीवाल्याच्या एक्सपीला यूईएफआय हे नावही ऐकून माहीत नाही. ते स्थळ जमत नाही.

बसवण्याचा नियम एकच आहे: आधी थोरली, मग धाकटी. याला मानपानाचे कारण नाही, ५१२ बाइटांचे आहे. डिस्कचा पहिला सेक्टर तेवढाच असतो. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांत एक छोटा प्रोग्रॅम असतो, पुढचे ६४ बाइट म्हणजे डिस्कचा सातबारा आणि उरलेले २ बाइट हा शिक्का. सातबाऱ्यावर सोळा-सोळा बाइटांच्या चारच नोंदी मावतात, म्हणून मुख्य वाटण्याही चारच पडतात. पाचवा वारस आला तर त्याने पोटहिश्श्यात राहायचे. चारांपैकी एका वाटणीवर 'ॲक्टिव्ह' अशी खूण असते. मशीन चालू झाले की बायोस हा सेक्टर वाचते, त्यातला प्रोग्रॅम ॲक्टिव्ह वाटणी शोधतो आणि तिच्या देवडीवर जो कारभारी बसला असेल त्याच्या हाती यंत्र सोपवून मोकळा होतो. एक्सपीच्या कारभाऱ्याचे नाव एनटीएलडीआर. व्हिस्टापासून पुढे ती जागा बूटएमजीआरकडे आली. बूटएमजीआरला आपल्या आधी कोण होते हे ठाऊक आहे. धाकटी टाकताना डिस्कवर थोरली दिसली तर तिलाही यादीत घेतले जाते. एनटीएलडीआरला मात्र आपल्यानंतर कोण येणार हे २००१ साली कळण्याचा मार्ग नव्हता. एक्सपी नंतर टाकली तर तिचे सेटअप देवडीवरच्या माणसाला उठवते आणि आपला बसवते. यात दुष्टावा नाही, अज्ञान आहे. धाकटी डिस्कवर जशीच्या तशी असते, पण तिच्या घरी जायचा रस्ता कोणालाच सांगता येत नाही.

एक्सपी टाकण्याआधी बायोसमध्ये शिरून साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर आणावा लागतो. नाही आणला, तर सेटअपला समोरची डिस्क ओळखू येत नाही आणि निळा पडदा येतो, ज्यावरच्या क्रमांकाच्या शेवटी सातबारा नव्हे, ७बी असते. यावर अधिकृत तोडगा आहे. सेटअपच्या सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एफ६ दाबण्याची सूचना काही सेकंद चमकून जाते. ती दिसली, वाचली, समजली आणि वेळेत दाबली, तर सेटअप ड्रायव्हर मागते; पण फ्लॉपीवर. फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या मशीनवरही फ्लॉपीवरच. म्हणून शहाणे लोक मोड बदलतात. तो बदलायचा तर दोघींच्या आधी. मधेच बदलल्यास धाकटीही ७बी दाखवते.

मग सीडी घालायची. 'सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतेही बटण दाबा' अशी ओळ येते, बटण दाबायचे, एफ८ दाबून न वाचलेला करार मान्य करायचा, थोरलीसाठी चाळीसेक जीबीची वाटणी पाडायची आणि बाकीची जमीन पडीक ठेवायची. फायली उतरवून झाल्या की मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होते, आणि पुन्हा तीच ओळ येते: कोणतेही बटण दाबा. या वेळी दाबायचे नसते. दाबले की सेटअप पहिल्यापासून सुरू. एका उदाहरणात, जे घरातलेच असल्यामुळे खात्रीचे आहे, मालकाने एका संध्याकाळी तीन वेळा एफ८ दाबून तोच करार मान्य केला, आणि चौथ्या खेपेला कीबोर्डची वायर काढून तो हातात धरून बसला. हा उपाय कोणत्याही पुस्तकात नाही, पण चालतो.

यानंतर डाव्या बाजूला 'अंदाजे ३९ मिनिटे' अशी पाटी लागते. एक्सपी टाकलेल्या कोणालाही हा आकडा झोपेत विचारावा. ही ३९ मिनिटे घड्याळाची नसतात, स्वयंपाकघरातल्या 'पाच मिनिटांत वाढते'च्या जातीची असतात. ती सरली की हिरवे माळरान आणि निळे आभाळ उगवते. हे छायाचित्र चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात काढलेले आहे. या वेळी मात्र ते नीट दिसत नाही, कारण डिस्प्लेचा ड्रायव्हर टाकलेला नसतो. आवाजाचा नसतो, नेटवर्कचाही नसतो. तो नेटवरून उतरवायचा तर नेटवर्क लागते. मदरबोर्डबरोबर आलेली सीडी कपाटात जपून ठेवलेली असते, एवढेच सर्वांच्या लक्षात असते.

धाकटीचे त्या मानाने झटपट होते. मशीन तिच्या डीव्हीडीवरून सुरू करायचे, 'कस्टम' निवडायचे, पडीक जागा दाखवायची आणि 'अपग्रेड'कडे चुकूनही बघायचे नाही.

सगळे जमले तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. एक 'विंडोज ७'. दुसरीत एक्सपीचे नाव नसते. 'विंडोजची आधीची आवृत्ती' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात, पंचनाम्यात 'सदर इसम' लिहावे तसे. निवड करायला ३० सेकंद मिळतात आणि काही न केल्यास धाकटी उठते. ३० सेकंद हा मुदतीचा फार अडचणीचा तुकडा आहे: पडद्याकडे बघत बसायला लांब आणि चहा आणायला आखूड. थोरली हवी असलेला माणूस कप घेऊन परततो तेव्हा धाकटी स्वागताचे सूर वाजवत असते. मग ती पूर्ण उठेपर्यंत थांबायचे, तिला बंद करायचे आणि या खेपेला चहा बाजूला ठेवून बाणाचे बटण दाबायचे.

एकत्र राहायला लागल्यावर पहिला वाद पत्त्याचा. धाकटी डीव्हीडीवरून टाकलेली असेल, तर ती आपल्या वाटणीला 'सी' म्हणते आणि थोरलीच्या वाटणीला 'डी'. थोरलीच्या लेखी तीच 'सी'. दोघी आपापल्या जागी खऱ्या आहेत. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सापडत नाही अशी तक्रार निम्म्या वेळा दुसरीच्या डेस्कटॉपबद्दल असते. केराच्या टोपल्याही निराळ्या: एकीच्या टोपलीत टाकलेले दुसरीच्या टोपलीत दिसत नाही, त्यामुळे टोपली रिकामी दिसूनही डिस्क भरलेली राहते. मराठी नावाच्या फायलींचे वेगळेच. एक्सपीत सेटिंगमध्ये जाऊन, पुन्हा सीडी घालून भारतीय लिप्यांची सोय चालू करावी लागते; तोवर धाकटीने ठेवलेल्या 'किंमत' नावाच्या फाइलची वेलांटी अक्षर चुकवून भलतीकडे उभी असते.

थोरली आणखी एक खोडी करते, तीही न कळत. धाकटी आपल्या डिस्कच्या पूर्वस्थितीच्या नोंदी, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, साठवत असते. थोरलीला त्या नोंदींची भाषा समजत नाही आणि ती उठली की त्या पुसल्या जातात. उपाय म्हणून थोरलीच्या रजिस्ट्रीत धाकटीची वाटणी तिच्यापासून झाकून ठेवतात.

हे सगळे सोसण्यासारखे आहे. न सोसण्यासारखी गोष्ट एकच: एकीला हायबरनेट करून दुसरी चालू करणे. हायबरनेट झालेल्या सिस्टिमने डिस्क कशी होती याचे चित्र मनात धरलेले असते. मधल्या काळात दुसरीने सामाईक वाटणीत फायली लिहिल्या, पुसल्या, हलवल्या, तरी पहिली उठल्यावर आपल्या जुन्या चित्राप्रमाणे लिहायला लागते. नुकसान लगेच दिसत नाही, आठवड्याने दिसते, ऐन पत्रिका छापायला द्यायच्या दिवशी. पाती बदलायची तर आधीची पूर्ण शट डाउन करावी.

घड्याळावरून दोघींत भांडण नाही. दोघी यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतात आणि भारतात वर्षातून दोनदा काटे फिरवत नाहीत. न्यू जर्सीतल्या मराठी घरात मात्र मार्चमध्ये एक सिस्टिम तास पुढे नेते आणि कर्तव्यदक्ष दुसरीही नेते. घरात लिनक्स असेल तर भारतातही गंमत होते. ते यंत्रात ग्रिनिचची वेळ ठेवते, त्यामुळे नंतर उठलेल्या विंडोजमध्ये बरोबर साडेपाच तास आधीचे वाजलेले असतात. लिनक्सला वयाचा नियमही लागू नाही. ते नेहमी शेवटी टाकावे, कारण त्याचा कारभारी ग्रब बाकीच्यांना शोधून यादीत घेतो, आणि विंडोज नंतर टाकली तर ती ग्रबलाही देवडीवरून उठवते.

क्रम चुकून एक्सपी नंतर टाकलीच गेली, तर सगळे पुन्हा फॉरमॅट मारायची गरज नाही, हार्डवेअरवाला काहीही म्हणो. धाकटीच्या डीव्हीडीवरून दुरुस्तीच्या खिडकीत जावे, बूटसेक्ट या आज्ञेने बूटएमजीआरला पुन्हा देवडीवर बसवावे आणि मग धाकटीतून बीसीडीएडिटने थोरलीची नोंद यादीत घालावी.

शेवटी थोरली काढण्याचा दिवस येतो. जुन्या फायली युनिकोडमध्ये नेऊन होतात, किंवा वीस वर्षांत त्या कोणी मागितल्या नाहीत हे ध्यानात येते; दुसरे अधिक वेळा होते. इथे बहुतेकजण थेट थोरलीची वाटणी फॉरमॅट करायला जातात. ती रिकाम्या डिस्कवर आधी आल्यामुळे तिची वाटणी ॲक्टिव्ह असते, आणि धाकटीने येताना आपला बूटएमजीआर आणि यादी त्याच देवडीवर ठेवलेली असते. धाकटीचे डिस्क मॅनेजमेंट म्हणूनच ती वाटणी फॉरमॅट करू देत नाही. बाहेरून सीडी घालून केलीच, तर धाकटी धडधाकट असूनही उठत नाही आणि 'बूटएमजीआर मिसिंग' एवढीच ओळ दिसते. आधी बीसीडीबूटने ती दप्तरे धाकटीच्या वाटणीत न्यावीत, तिला ॲक्टिव्ह करावे, एकदा मशीन चालू करून पाहावे आणि मगच फॉरमॅट मारावा. नव्या यादीत एकच नाव असल्याने तो काळा पडदा आणि ती ३० सेकंदेही जातात.

सुटलेली जागा धाकटीला जोडता येत नाही. विंडोज ७ आपली वाटणी उजवीकडच्या रिकाम्या जागेतच वाढवते आणि थोरली आधी आल्यामुळे तिची जागा डावीकडे असते. ती 'डी' म्हणून वेगळीच राहते. वर उल्लेखलेल्या घरात तिचे नाव अजून 'एक्सपी' आहे. तिच्यात सिनेमे असतात, आणि काडेपेटीएवढे ते लॉक मदरबोर्डच्या सीडीबरोबर कपाटात जपून ठेवलेले आहे.