सीए करणारा

रात्री अकराच्या पुढे सदाशिव पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत डोकावण्याचा योग आला, तर प्रत्यक्ष कर, लेखापरीक्षण आणि कंपनी कायदा यांच्या जाडजूड ग्रंथांची तटबंदी उभारून तिच्याआड, मान वर न करता, गणकयंत्राची बटणे बडवीत बसलेला जो तरुण दृष्टीस पडेल, तो सीए करीत असतो. आणि किती वर्षे करीत आहे, ही चौकशी त्याच्याकडे न करता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याकडे करणे शिष्टाचारास अधिक धरून होईल. १९४९च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेने आपले बोधवाक्य कठोपनिषदातून घेतले असून, सारे निजले असता जो जागा असतो, त्याचा त्यात निर्देश आहे. उपनिषत्कारांच्या मनात परब्रह्म होते. आमच्या उमेदवाराने ते वाक्य स्वतःस लावून घेतले आहे.

लग्नकार्यात त्याचा दर्जा संस्थानिकाच्या दत्तक वारसासारखा असतो: गादी अद्याप मंजूर व्हावयाची असते, मुजरे मात्र सुरू झालेले असतात.

आर्टिकलशिप नावाची जी उमेदवारी त्याला पत्करावी लागते, ती पूर्वी तीन वर्षांची होती, हल्ली दोन वर्षांची आहे. या काळात तुटपुंज्या विद्यावेतनावर तो परक्यांची व्हाउचरे तपासतो, हिरव्या पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करतो, आणि ३१ मार्चला एखाद्या साखर कारखान्याच्या गोदामात शिल्लक मोजावयास जातो. तेथील वयोवृद्ध गोदामकीपर या एकवीस वर्षांच्या पोराला 'साहेब' म्हणून, थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची यांतील पोती मोजून तयार गुणाकार हाती ठेवतो. परंतु थप्पी आतून पोकळ नसेल कशावरून, या व्यावसायिक संशयाने ग्रासलेले साहेब बुटांसह वर चढतात, पलीकडे उतरतात, आणि गुणाकार बरोबर असल्याचे काहीशा नाराजीने नमूद करतात.

परीक्षेचा न्याय मात्र अगाध आहे. अंतिम परीक्षेच्या एका ग्रुपात आता तीन विषय. प्रत्येकात किमान ४० गुण हवेत, आणि तिन्ही मिळून १५०. म्हणजे ४९, ५० आणि ४८ गुण मिळविणारा मनुष्य एकाही विषयात कमी पडलेला नसतो, आणि तरीही, बेरीज १४७ भरत असल्यामुळे, सबंध ग्रुपात नापास असतो. ही मीमांसा जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला समजावून देता देता त्याचे वडील स्वतःच निम्मे लेखापाल होऊन बसतात. क्वचित एखाद्या विषयात ६०च्या वर गुण पडतात, पुढील तीन अटेम्प्टपुरती त्या विषयातून सूट मिळते, आणि अशा निकालाला पेढे आणावेत की नाही यावर घरात दोन तट पडून, अखेरीस पावशेर पेढ्यांवर तडजोड होते.

माझे मत असे की, हा मनुष्य लेखापरीक्षक कधीच होऊन चुकलेला असतो. सनद राहिलेली असते ती सहीपुरती. याचा अनुभव गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदाराला दरवर्षी येतो. घरचाच मुलगा म्हणून तो जमाखर्चाची वही याच्याकडे आणतो, आणि 'किरकोळ' या सदराखाली मांडवाच्या दोऱ्यापासून गुरुजींच्या रिक्षापर्यंत जे जे सुखाने नांदत असते, ते ते हा बाहेर काढून पावती मागतो. गेल्या साली चहाचे ३४० रुपये अडले. खजिनदार काकुळतीला येऊन म्हणाला, "अरे, विसर्जनाच्या रात्री तूच नाही का प्यायलास? दोनदा घेतलास की!"

"घेतला ना, काका," उमेदवार वहीवरची नजर न काढता म्हणाला, "पण मला माहीत आहे, हा काही पुरावा होत नाही. अमृततुल्यवाल्याची सही आणा."

खजिनदार सही आणावयास गेला. आणि अमृततुल्यवाल्याने, सही करण्यापूर्वी, याच गृहस्थाच्या अभ्यासिकेच्या काळातील उधारीची वही त्याच्यासोबत तपासणीसाठी पाठवून दिली.