शोभेचा चरखा

हस्तकलेच्या सुधारित वाणांत शोभेचा चरखा अग्रगण्य होय. वर्धा जिल्ह्यातील मूळ वाणात ढोबळ दोष होते: तो फिरत असे, त्याला पेळू लागत आणि समोर माणूस बसावा लागे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने तर वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद असल्या घाम काढणाऱ्या गोष्टींतच वेळ दवडला. 1938 पासून मगन संग्रहालयात त्याचा पुरावाही मांडलेला आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या शिष्या मीराबेननी कुटीच्या भिंतीवर मातीतूनच ताडाची झाडे आणि चरखा उठवला. अंगणातली प्रेरणा, अंगणातलीच माती! अशा कामाची फी कोणता डिझायनर लावणार?

सुधारित चरख्याचे चाक डिंकाने पक्के बसवलेले असते. तो पाहुण्याला शालीसोबत देता येतो, काचेच्या कपाटात ठेवता येतो, आणि चुकून सूत निघण्याचा धोका राहत नाही. याच न्यायाने शोभेचा माग, शोभेचा घाणा आणि यथावकाश शोभेचा विणकरही (मजुरी न मागणारा) तयार करता येईल. राष्ट्रध्वज हातसुताचाच हवा, हा जुना हट्ट तेवढा आडवा येत होता. 30 डिसेंबर 2021 च्या ध्वजसंहिता दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली.