लाल दिवा लागलाय का?

तीस वर्षं पेपरात काढल्यावर माणसाला एक खोड जडते. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, आपल्या डोळ्यांपुढे मथळा तयार! पुढचं आपण ऐकत नाही, मथळ्याला लागेल तेवढं वेचतो. निवृत्तीनंतर मी लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. ‘मौखिक इतिहास’ असं त्याला म्हणतात. घरच्यांच्या मते ते म्हाताऱ्यांच्या घरी चहा पिणं आहे. दोन्ही खरं.

गुरू मनोमन केला स्टड्स टर्केलला. जन्म न्यूयॉर्कचा, १९१२चा, पण माणूस मुरला शिकागोत. आईवडील खोल्या भाड्यानं देत. तिथं उतरणाऱ्या कामगारांचे, बेकारांचे वाद ऐकत पोरगा मोठा झाला. पुढे वकिलीची पदवी घेतली आणि घडी करून ठेवून दिली. १९५०च्या दशकात डाव्या विचारांपायी टीव्हीवरचा कार्यक्रम गेला, म्हणून रेडिओला चिकटला तो पंचेचाळीस वर्षं! बड्या बड्या कलावंतांच्या मुलाखती घेतल्या, पण नाव झालं ते साध्या माणसांच्या बोलण्यामुळे. १९७४च्या ‘वर्किंग’ या पुस्तकात कबरी खोदणारा आहे, वेट्रेस आहे, पियानो सुरात लावणारा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं ‘द गुड वॉर’, तेही मुद्दाम अवतरणचिन्हांत. युद्धाला ‘चांगलं’ हे विशेषण त्याच्या गळी उतरेना. त्या पुस्तकाला १९८५ साली पुलित्झर मिळालं.

मला तो आवडतो तो मात्र वेगळ्याच कारणानं. हयातभर टेपरेकॉर्डर गळ्यात घालून हिंडलेल्या या माणसाला टेपरेकॉर्डर धड चालवता येत नसे. मोटारही कधी चालवली नाही, बसनं फिरायचा. मुलाखत रंगात यायची आणि समोरचा म्हणायचा, अहो, तुमची रीळ फिरत नाहीये. मग दोघं मिळून खटपट करायचे. हा आपल्यासारखाच धांदरट, असं दिसल्यावर लोक मोकळे होत. टर्केल स्वतःच हे सांगायचा. आमच्या वेळी पत्रकारानं अडाणी दिसणं म्हणजे नोकरीवर गदा होती. आता वाटतं, थोडं दिसायला हवं होतं.

तर, धांदरटपणाचं भांडवल माझ्याकडेही भरपूर आहे, अशा हिमतीवर मी आत्याकडे गेलो. आत्या आता ८४ वर्षांची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्यात नारायण पेठेत नवी सून होती. मी फोन टीपॉयवर ठेवला, विचारलं, “पाणी किती वाजता आलं? किती फूट?” (खोड!) आत्या म्हणाली, “फूट कोण मोजतंय? आधी सासूबाईंना माळ्यावर चढवलं.” आणि मग अर्धा तास जे काही बोलली! शेवटी फोनकडे बघून म्हणाली, “अरे, त्याचा लाल दिवा लागायचा असतो ना? माझा नातू लावतो.”

लागला नव्हता.

“लाव, परत सांगते,” म्हणाली. पदर सारखा केला, ताठ बसली आणि आकाशवाणीच्या बातम्यांसारखी सुरू झाली. “पानशेतचे धरण फुटले. पुणे शहरात हाहाकार माजला.” पाच मिनिटांत पूर ओसरला, पुनर्वसनही झालं! सासूबाईंचं नाव नाही. माळ्याचं नाही.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली, आणि आतूनच तिला काय काय आठवायला लागलं. फोन बाहेर टीपॉयवर, आत्या गॅसपाशी, मी दोघांच्या मध्ये उंबऱ्यात. उठून फोन उचलला तर ही पुन्हा ताठ होईल, या धास्तीनं जागचा हललो नाही.

घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं. चार शिट्ट्या स्पष्ट आहेत. मध्येच आत्या हसते. एकच शब्द कळतो, ‘घंगाळ’. ते वाहून गेलं, की त्यात कुणाला बसवलं होतं, हे विचारायला येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे.