गर्दीच्या आधीचा माणूस

सोयीसाठी त्यांना तात्या म्हणू. नाव काहीही असो, माणूस तोच. दादर-गिरगावातल्या प्रत्येक बँकेत, ऑफिसात आणि भजनी मंडळात एक तात्या असतात. तुम्ही एखाद्या ठिकाणी जेवून आल्याचं कौतुकानं सांगता तेव्हा ते डोळे किंचित बारीक करतात आणि म्हणतात, "तिथे होय? हं. पूर्वी चांगलं असायचं."

हे 'पूर्वी' म्हणजे तुम्ही तिथे जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

तात्यांना हॉटेल शब्द चालत नाही. ते 'जागा' म्हणतात. जागेची पाटी रंग उडालेली हवी, टेबलावर अनोळखी माणूस समोर बसलेला हवा आणि निदान एक पदार्थ तरी 'संपला' हवा. वाढणारा हसून "या, बसा" म्हणाला तर तात्यांना धसका बसतो. मालक बदलला की काय, अशा चेहऱ्यानं ते गल्ल्याकडे बघतात. "काय पाहिजे लवकर बोला" असं कोणी खेकसलं की मात्र त्यांचा जीव भांड्यात पडतो.

त्यांच्याबरोबर स्वस्तात खाणं परवडत नाही. चर्नी रोडला उतरायचं, ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ खायची, इथपर्यंत हिशेब ठीक असतो. मग गिरगावातच पणशीकरांकडे पियूष. ग्लास निम्मा झाला की तात्यांना आठवतं की दादरच्या प्रकाशचा पियूष याच दिवशी, याच जिभेवर पडल्याशिवाय फरक कळायचा नाही. गाडीनं गेलं तर चव उतरते म्हणून टॅक्सी. टॅक्सीचं भाडं मिसळ आणि दोन्ही पियूष मिळून होतं त्याहून जास्त. ते आपण द्यायचं, कारण जागा त्यांनी दाखवलेली असते. प्रकाशमध्ये पोचल्यावर साबुदाणा वडाही घ्यावा लागतो, 'आलोच आहोत तर' या कलमाखाली.

दादरला त्यांच्यासमोर एक वाक्य चुकूनही बोलू नये: "मालवणी काय आणि गोमंतकी काय, शेवटी मासेच." तात्या भर रस्त्यात थांबतात. भाजलेलं खोबरं कुठे, ओलं खोबरं कुठे, तिरफळ कशात आणि कशात मुळीच नाही, हे समजावत असताना मागून हातगाडी येते, शिव्या पडतात, पण ते हलत नाहीत. सिंधुदुर्गमध्ये बसायचं की गोमांतकमध्ये, हा प्रश्न तोवर दोन्हीकडची सुरमई संपल्यानं आपोआप सुटतो.

2015 साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत दादरच्या आस्वादच्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं. अख्खं दादर खूश होतं. तात्या मात्र सुतक असल्यासारखे वागत होते. "आता संपलं," एवढंच म्हणाले. मिसळ तीच होती, तर्री तीच होती; फक्त ती आता लंडनलाही माहीत होती.

म्हणूनच बंद पडलेल्या जागांवर त्यांचं खरं प्रेम. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम हे त्यांचं काशीविश्वेश्वर. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली, आणि तात्यांच्या सांगण्यात तिथली कढी दर वर्षी थोडी सुधारते. बंद जागेला रांग लागत नाही, भाव वाढत नाहीत आणि तुम्ही जाऊन खात्री करू शकत नाही. मला तर शंका आहे की दादरचं मामा काणे उपाहारगृह 1910 पासून चालू आहे, याचा तात्यांना मनातून थोडा रागच असावा.

परळ-लालबागला आले की मात्र त्यांचा सूर बदलतो. तिथे त्यांना पाटीसुद्धा लागत नाही. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला शेजारच्या बाईकडे खानावळ लावायचे. ताट महिन्याच्या बोलीवर, बाजारहाट मात्र रोजचा. म्हणून बाई सावकाराच्या दारात. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, हे तात्या सांगतात तेव्हा आवाज चढवत नाहीत. मग 18 जानेवारी 1982. गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि ज्यांच्याकडे जेवणाऱ्यांची बाकी राहिली त्या खानावळवाल्या बायकांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. फिनिक्स मिलच्या जागेवर आता मॉल आहे. परळात काळ्या पाटीसारख्या ताटलीत 'अस्सल गावरान' तीन चमचे येतं, त्याचं बिल बघून तात्या म्हणतात, "एवढ्यात बाईंनी महिनाभर वाढलं असतं, वर पापड."

एवढं बोलल्यावर त्यांना भूक लागते. परवा असेच लालबागला लाडू सम्राटमध्ये शिरलो. शेजारी एक मुलगा मोबाइल सरसावून बसलेला. त्यानं नम्रपणे विचारलं, "काका, इथलं काय खास?"

तात्यांचा चेहरा दगड झाला. "काही नाही रे. साधंच सगळं."

मुलानं मान हलवली आणि चहा सांगितला. तात्यांनी दोन घास खाल्ले. तिसरा तोंडाशी नेऊन खाली ठेवला. "नुसता चहा? लालबागला येऊन?" मग उठून त्याच्याच टेबलावर जाऊन बसले. "आधी कोथिंबीर वडी घे. गरम आहे का विचार, नसेल तर थांब. मिसळ नंतर. वडा उसळीबरोबर. लाडू बांधून ने, आईला दे. आणि बाहेर पडलास की चिवडा गल्लीत जा, पण पहिल्याच दुकानात थांबू नकोस." मुलगा खात गेला, तात्या आपली ताटली विसरून त्याच्या ताटलीत बोट दाखवत राहिले. माझी कोथिंबीर वडीसुद्धा त्यांनी नमुना म्हणून तिकडे सरकवली.

मुलगा पैसे द्यायला उठला तेव्हा तात्यांनी त्याचा दंड धरला. "एक कर. कुणाला सांगू नकोस."

"छे, काका!" तो म्हणाला. फोटो त्यानं पहिला तुकडा मोडायच्या आधीच टाकला होता.